प्याल्याच्या पायातला पारा

इनासकाका, पायाच्या आत पारा आहे.

हे वाक्य काल दुपारपासून मी अनेकदा मनात म्हटलं, आणि प्रत्येक वेळी ते दुसऱ्या मजल्यावर तुमच्या दाराशी जाऊन परत आलं. दाराला इमारतीच्या हारीसनं, आपल्या राखणदारानं, नवं कुलूप लावलं आहे. तुम्हाला जाऊन आज तेरा दिवस झाले. शवपेटी विमानानं मुंबईला आणि तिथून वसईला गेली, रोझीकाकू सोबत गेल्या. आणि मी, जिला निष्कर्ष वेळेत आणि योग्य माणसापर्यंत पोचवण्याचं शिक्षण मिळालं आहे, हा एकच निष्कर्ष तेरा दिवस उशिरा हातात घेऊन कुवेतमधल्या मंगफच्या या जिन्यात उभी आहे.

तुम्ही असता तर 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला नसता. चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतं, "किती?" सोनाराला आकडा लागतो. तर आकडा नाही, काका. माझं यंत्र तेवढं बारीक नाही. आहे, एवढंच ते सांगतं. पण आहे हे नक्की.

क्रमानं लिहिते, कारण क्रम सुटला की मला चैन पडत नाही, आणि सध्या काहीच क्रमात नाही.

आखाती युद्धानंतर आपली दोन्ही कुटुंबं कुवेतला परत आली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. बाबा रिफायनरीत इंजिनिअर. तुम्ही कुवेत सिटीत सोन्याच्या दुकानात, मागच्या खोलीतले कारागीर. शुक्रवारी तुम्ही देवळात मिस्साला, प्रार्थनेला जायचात (चर्चला तुम्ही देऊळच म्हणायचात, आणि इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारसुद्धा शुक्रवारीच येतो) आणि वेदीवरची पांढरी फडकी धुवायला घरी आणायचात. त्या फडक्यांनी फादर मिस्सातल्या वाइनचा प्याला पुसत; ती वाइन म्हणजे तुमच्या लेखी ख्रिस्ताचं रक्त. पहिलं पाणी तुम्ही मोरीत ओतत नसा. ते बाल्कनीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत जाई, मग साबण.

मी तेव्हाच शास्त्रज्ञ झाले होते. निदान माझी तशी समजूत होती. मी आमच्या बाल्कनीतून खाली वाकून विचारलं होतं, "काका, पहिल्या पाण्यात असं काय असतं जे दुसऱ्यात नसतं?"

"तू सांग, शास्त्रीणबाई."

"थोडी वाइन. आणि मळ."

"मग झाडाला दोन्ही चालतं," तुम्ही म्हणालात, आणि तांब्या उपडा केलात.

आईला मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही. "देवावरचं पाणी आपण तरी कुठे मोरीत ओततो?" एवढं म्हणून ती तुमच्याकडून मोगऱ्याच्या कळ्या मागून आणू लागली. तुम्ही दोघं धर्मानं वेगळे आणि सोवळ्यानं सख्खे भाऊबहीण होतात. बाहेरची मीच होते.

त्याच वर्षी इथल्या सलवा या उपनगरातून तुम्हाला बोलावणं आलं. तिथल्या अबू नासर या कुवेती गृहस्थांच्या घरी जुन्या धातूकामाचा संग्रह होता: समया, दौती, पाण्याच्या झाऱ्या, आणि त्यांत एकच ख्रिस्ती वस्तू, युरोपातून कधीतरी विकत घेतलेला मिस्साचा प्याला. चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला. युद्धात घर लुटलं गेलं. स्वयंपाक्यानं हा प्याला तांदळाच्या पोत्यात खुपसून ठेवला म्हणून तो तेवढा वाचला. पोत्यावर काहीतरी जड पडलं आणि त्याचा पाय वाकला. तो सरळ करायला त्यांना माणूस हवा होता.

तुम्ही संध्याकाळी आमच्याकडे आलात आणि चहा न पिताच बाबांच्या कागदावर चित्र काढू लागलात. पाय सहा पाकळ्यांचा. वर दांडा. दांड्याच्या मध्यावर फुगीर गाठ, तिच्यावर निळ्या-हिरव्या मिन्याची छोटी फुलं. त्याच्यावर वाटी.

"ही गाठ कशाला असेल?" तुम्ही मला विचारलंत.

"शोभेला."

"हात पुढे कर. अंगठा आणि पहिलं बोट जुळव. आता ते सोडायचं नाही, पवित्र भाकर त्याच बोटांनी धरली आहे, तिचा कण खाली पडता कामा नये. आता हा पेला उचल."

मी आईच्या स्टीलच्या पेल्याशी झटापट केली. उरलेल्या तीन बोटांत तो घसरत होता.

"बघितलंस? गाठ असती तर बोटांच्या बेचक्यात बसली असती. आणि पाय सहा कोनांचा का? आडवा ठेवला तर गडगडू नये म्हणून. सातशे वर्षांपूर्वीच्या सोनारानं डोकं चालवलं आहे, बाय. नुसतं सोनं नाही लावलं."

काका, त्या संध्याकाळपर्यंत मला जुन्या वस्तू म्हणजे धूळ वाटत असे. कोणीतरी एक अडचण ओळखली आणि चांदीत तिचं उत्तर दिलं, ही कल्पना मला तुम्ही दिलीत. पुढे पुण्याला जाऊन मी पदार्थविज्ञान शिकले, धातूंवर एम.एस्सी.चा प्रबंध लिहिला, आणि आता परदेशी जाऊन प्राचीन धातूंच्या जतनाचं शास्त्र शिकण्याची माझी धडपड आहे. या सगळ्याचा उगम त्या स्टीलच्या पेल्यात आहे. हे मी अर्जात लिहिलं. तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला ते माहीत असणार, असं गृहीत धरलं. विनापुरावा गृहीत धरलेल्या माझ्या गोष्टींची यादी आता वाढत चालली आहे.

प्याला दुरुस्त करून परत दिलात त्या दिवशीचं आणखी एक दृश्य मला आठवतं. आठवतं म्हणजे गेल्या आठवड्यात आठवलं. अकरा वर्षं ते माझ्याकडे नुसतं पडून होतं. तुम्ही कामावरून आलात ते हातात पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेऊन, आणि तसेच बाल्कनीत जाऊन ती कुंडीत रिकामी केलीत. पाणी काळपट होतं.

"काका, हे कुठलं पाणी?"

"कोणाचं तरी धुणं आहे."

"झाड मरेल."

"मेलं तर तुझं खरं."

झाड मेलं नाही. मी तो प्रयोग तिथेच सोडून दिला.

आता या वर्षीच्या फेब्रुवारीकडे येते. इथं माझा हात थांबतो.

मी दोन वर्षांपासून तेलाच्या नळांची धातुपरीक्षा करणाऱ्या कंपनीत आहे. आमच्याकडे क्ष-किरणांचं एक हातात धरायचं यंत्र आहे, सगळे त्याला 'गन' म्हणतात. नळाला टेकवलं की धातूत काय काय आहे ते पडद्यावर शिखरांच्या रूपात उमटतं. अबू नासर यांना प्याला एका प्रदर्शनासाठी द्यायचा होता आणि तो खरोखर मध्ययुगीन आहे याची खात्री हवी होती. त्यांनी तुम्हाला विचारलं, कोणी आहे का? तुम्ही माझं नाव दिलंत. 'आमच्या घरची मुलगी आहे' असं तुम्ही त्यांना सांगितल्याचं मला त्यांच्याकडूनच कळलं.

तुमच्या गाडीतून आपण सलव्याला गेलो. तुम्ही इस्त्रीचा सदरा घातला होतात. दिवाणखान्यात अबू नासर यांनी काचेचं कपाट उघडलं, आणि तुम्ही खिशातून धुतलेलं पांढरं फडकं काढून प्याला त्यात धरलात. माझ्यासाठी तशीच घडी तुम्ही दुसऱ्या खिशात आणली होती.

"मी हातमोजे आणलेत, काका."

"मोजे घाल. वर फडकं धर."

मी वाटीच्या आत गन रोखली. माझं तर्कशास्त्र निर्दोष होतं: बाहेरचं सोनं शतकानुशतकं हातांनी झिजतं, आतलं सुरक्षित राहतं, तिथे ते सर्वांत भरीव दिसत होतं, म्हणून तिथेच मोजावं. जुना मुलामा पाऱ्याचा असतो. सोनं पाऱ्यात विरघळवून लेप द्यायचा, आगीवर पारा उडवायचा, सोनं चिकटून राहतं आणि थोडा पारा कायमचा त्यात अडकतो. विजेच्या मुलाम्यात पारा नसतो. पारा आहे तर जुना, नाही तर नवा.

पडद्यावर सोनं आलं, चांदी आली. पारा नाही.

तुम्ही वाकून पाहत होतात. मग हळूच म्हणालात, "पायाच्या आतून बघ, बाय. उलटा करून. तिथे कोणी हात फिरवत नाही."

आणि मी अबू नासर यांच्यासमोर, ज्यांना तुम्ही अभिमानानं माझं नाव दिलं होतं त्यांच्यासमोर, म्हणाले, "काका, नमुना कुठून घ्यायचा ते मला शिकवू नका."

तुम्ही फडक्याची घडी नीट केलीत. अबू नासर खिडकीबाहेर बघू लागले, जसे भले लोक बघतात.

परतीच्या वाटेवर एका सिग्नलला तुम्ही गाडी थांबवलीत. मग म्हणालात, "माझे आजोबा पाऱ्याचा मुलामा देत. शेवटी हात इतके थरथरत की चहा आजी पाजायची. तो मुलामा मी डोळ्यांनी ओळखतो. विजेचं सोनं अंगावर पांघरलेलं असतं. पाऱ्याचं अंगात मुरलेलं असतं."

"डोळ्यांनी ओळखणं हा पुरावा नसतो, काका."

"नसेल. पण त्या आतल्या सोन्याचं म्हणशील तर..."

"आतलं सोनं विजेचं आहे. हे मी नाही, यंत्र सांगतंय."

"ते विजेचंच आहे," तुम्ही म्हणालात.

"मग झालं की!"

झालं की. हे मी विजयानं म्हटलं होतं. तुम्ही माझ्याशी सहमत होत होतात आणि त्या सहमतीत काहीतरी सांगत होतात, हे ऐकायला लागणारं यंत्र माझ्याकडे नव्हतं.

मी अहवाल लिहिला: मुलामा आधुनिक, वस्तू बहुधा अलीकडची नक्कल. अहवाल नेटका होता. तो मी परदेशी विद्यापीठाच्या अर्जालाही जोडला, स्वतंत्र संशोधनाचा नमुना म्हणून. अबू नासर यांनी प्याला प्रदर्शनातून काढून घेतला. पुढे एकदा दौतीचं झाकण बसवायला तुम्ही सलव्याला गेलात, ते परत आल्यावर थेट आमच्या दारात उभे राहिलात.

"त्यात पेनं ठेवली आहेत," तुम्ही म्हणालात.

"कशात?"

"प्याल्यात. निळी, लाल. आणि एक कात्री."

"त्यांची वस्तू आहे, काका. आणि ती तशीही खरी नाही."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी चिडले. अपराधी वाटलं की मी चिडते, हे तुम्हाला आईइतकंच ठाऊक होतं. त्यानंतर सलव्यातून बोलावणं आलं तरी तुम्ही गेला नाहीत. त्या प्याल्यातून कोणीतरी, कुठल्यातरी काळात, तुमचा देव प्यायला होता. आणि माझ्या सहीनं तो टेबलावर कात्री घेऊन उभा होता.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात, संध्याकाळी, दाराची घंटा वाजली. तुमच्या हातात रेक्झिनची जुनी वही होती. मी विद्यापीठाचं शेवटचं पत्र पूर्ण करत होते.

"पाच मिनिटं आहेत का?"

"नंतर, काका. हे आज पाठवायचंय."

"बरं. नंतर."

तुमच्या 'बरं'मध्ये रुसवा नव्हता. असता तर बरं झालं असतं. रुसलेल्या माणसाच्या मागे मी जिना उतरले असते.

निघण्याआधी रोझीकाकूंनी मला खाली बोलावलं. खोक्यांच्या मधोमध त्या उभ्या होत्या. "कुंडी विमानात नेता येत नाही," त्या म्हणाल्या, "ती तू ने. आणि ही वही. त्या दिवशी हीच दाखवायला वर आले होते. परत आले आणि म्हणाले, पोरगी कामात आहे." मग डोळे पुसून, "चांगल्या अर्थानं म्हणाले हो. कौतुकानं."

वहीत तुमच्या हातच्या प्रत्येक जुन्या वस्तूचं चित्र आणि दोन-तीन ओळी आहेत. सलव्याच्या पानावर सहा पाकळ्यांचा पाय. खाली तुमच्या तिरप्या अक्षरात: 'पाय सरळ केला. वाटीत आतून सोनं झिजून चांदी उघडी. रक्त टेकतं तिथे सोनं हवं. घासून घेतली, दुकानात विजेवर सोनं चढवलं. सोनं माझं. विचारलं नाही. धुतलेलं पाणी घरी आणलं.'

काका, मी तुमचंच सोनं मोजलं होतं.

तुम्ही सातशे वर्षांची म्हणता त्या वस्तूवर मी ती एकच जागा निवडली जी अकरा वर्षांची होती, आणि निवडली कारण ती सर्वांत चांगली दिसत होती. तुमचं काम चांगलं होतं म्हणून मी फसले. यापेक्षाही वाईट एक गोष्ट आहे, ती फक्त तुम्हाला सांगते. मी फेब्रुवारीतला आलेख पुन्हा काढून पाहिला. सोन्याच्या शिखराच्या खांद्यावर एक बारीक फुगवटा आहे. घासूनही उरलेल्या जुन्या मुलाम्यातल्या पाऱ्याचा तो अंश असावा. मी तेव्हा तो पाहिला होता. यंत्राचा गोंगाट समजून सोडून दिला, कारण माझं उत्तर तयार होतं.

आता तुमच्याशी भांडते. कारण भांडण अर्धवट राहिलं आहे, आणि तुम्ही मेलात म्हणून मी हरणार नाही. तुम्ही चुकलात. दुसऱ्याच्या वस्तूवर न विचारता सोनं चढवणं चूक. चढवलं तर नोंद मालकाला न देणं त्याहून चूक. तुमच्या भक्तीनं माझा पुरावा झाकला. सलव्यातल्या त्या दिवाणखान्यात तुम्ही 'आतलं सोनं मी चढवलं' असं म्हणायला हवं होतं. तुम्ही का गप्प राहिलात ते मला कळतं: अबू नासर यांचा विश्वास गेला असता, दुकानातली जागाही कदाचित. म्हणून तुम्ही मला पायाकडे पाठवत होतात. माझं खरं ठरावं, प्याल्याचंही खरं ठरावं, आणि तुमचं न सांगितलेलं तसंच राहावं, अशी एकच जागा तुम्ही शोधून दिली होती. तिचं उत्तर मी कसं दिलं ते आपल्याला दोघांना माहीत आहे.

काल मी सलव्याला गेले. आधी वही दाखवली, ओळी वाचून इंग्रजीत सांगितल्या. तुमचं गुपित मी उघड केलं. त्याबद्दल क्षमा मागत नाही, पण विचारलं नाही हे मान्य करते. अबू नासर यांनी वही स्वतःकडे ओढून ते चित्र पाहिलं.

"म्हणजे मुअल्लिमनं माझ्या चांदीवर स्वतःचं सोनं लावलं," ते म्हणाले; तुम्हाला ते अजूनही मुअल्लिम, उस्ताद म्हणतात.

"हो. परवानगीशिवाय."

"त्यानं प्याला परत दिला तेव्हा मी हात पुढे केला. म्हणाला, फडक्यासकट घ्या. मला वाटलं, चांदीला डाग पडू नये म्हणून." मग ते म्हणाले, "आणि तू, या मुहंदिसा, इंजिनिअर बाई, तू मला सांगितलंस की ही नक्कल आहे."

"चूक होती. माझी. ते मी लेखी देणार आहे."

पेनं मीच काढली. निळी, लाल, मग कात्री. तुमचं फडकं माझ्याकडे होतं, तुम्ही फेब्रुवारीत दिलेलं, न वापरलेलं. त्यात धरून मी प्याला उलटा केला. पायाच्या आत अंधार होता, त्यात तुमच्या हातोडीचे हलके ठोके, पाकळी सरळ केल्याचे; आणि कडेनं आत ओघळलेलं जुनं सोनं, लालसर, मुरलेलं. यंत्र मी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ रोखून धरलं. सोन्याच्या शिखराला खेटून दुसरं शिखर उभं राहिलं, पाऱ्याचं. त्या क्षणी, काका, मला तुमच्या आजोबांचा चहा आठवला.

याचा अर्थ प्याला मध्ययुगीन ठरला असा नाही. पाऱ्याचा मुलामा पुढेही शतकं चालू होता. मिना तपासायला हवा, चांदीचं मिश्रण तपासायला हवं. तुम्ही सातशे म्हणालात ते मी अजून मान्य केलेलं नाही. पण 'आधुनिक' हा शब्द खोटा होता, आणि तो माझा होता. विद्यापीठाला तसं पत्र आज सकाळी पाठवलं: अर्जासोबतचा अहवाल चुकीचा आहे, दुरुस्ती जोडली आहे. त्यांनी मला घ्यायचं ठरवलं होतं. आता पुन्हा ठरवू देत. उत्तर येईपर्यंत मला झोप नाही, आणि आलं तरी येईल असं वाटत नाही, कारण ज्याला ते पहिल्यांदा सांगायचं तो माणूस जिन्याखाली नाही.

प्याला पुन्हा काचेच्या कपाटात आहे. घरी येऊन मी फडकं धुतलं. त्यात वाइनचा थेंब नव्हता. थोडी धूळ, कदाचित शाईचा अंश. पहिलं पाणी कुंडीत ओतलं. आई दारातून पाहत होती.

मग नवा अहवाल लिहायला बसले. आमच्या छापील नमुन्यात एक रकाना असतो: मोजमापाची जागा कोणी निवडली. दोन वर्षं मी तिथे न वाचताच माझी आद्याक्षरं टाकत आले. काल तिथे तुमचं नाव लिहिलं, पूर्ण, मराठीत. आज कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, हे कोण, आपल्याकडे काम करतात का?

मी म्हटलं, यांनी मला नमुना कुठून घ्यायचा ते शिकवलं.